चौथी चिठ्ठी

मंडळी, घरातली एखादी वस्तू दिसेनाशी झाली की आपल्याला सगळ्यांत आधी काय सापडतं, सांगू? चोर! वस्तू सापडायला आठ दिवस लागतात, चोर दहा मिनिटांत सापडतो. आणि तो दर वेळी आपल्यापेक्षा गरीबच कसा निघतो, याचं आपल्याला कधी नवलही वाटत नाही.

बेसा भागातल्या एका सोसायटीत असंच झालं. महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, सामानाची आवराआवर झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा चांदीचा करंडा दिसेना. लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मनकर्णाचा फोटो पडला. ही मनकर्णा त्या इमारतीत पाच घरची धुणीभांडी करायची. फोटोखाली लिहिलं होतं, "या बाईपासून सावध राहा. कोणी कामावर ठेवू नये." बावीस जणांनी त्याला अंगठा दाखवला. संध्याकाळपर्यंत मनकर्णाची चार घरं सुटली. पाचवं घर तिसऱ्या मजल्यावरच्या वैरागड्यांचं, ते तेवढं देवकीताईंच्या हट्टामुळं टिकलं.

आठव्या दिवशी करंडा सापडला. महालक्ष्म्यांचे मुखवटे ज्या पेटीत ठेवतात त्याच पेटीत, जुन्या टॉवेलच्या घडीत! ज्यांनी ठेवला त्याच विसरल्या होत्या. आणि ग्रुपवर? ग्रुपवर त्या दिवशी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'.

"करंडा भेटला म्हणे त्यायचा," देवकीताई चहाचा कप टेबलावर ठेवत म्हणाल्या. बत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली होती. निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वर्गातलाच होता.

"हो, ऐकलं," त्यांचे यजमान मधुसूदनराव कागदातून मान वर न काढता म्हणाले.

"मंग ग्रुपवर कोणी लिवलं काय?"

"लिहितील."

"कवा?"

"अगं, करंडा मिळाला ना? विषय संपला!"

"करंड्याचा संपला जी. मनकर्णाचा कुठं संपला? त्या बावीस अंगठ्यायमंदी एक तुमचा बी होता, मी पाह्यला हाय."

मधुसूदनराव चिडले. "देवकी, मला भाषण लिहू दे. रविवारी काय आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं! गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. विद्यापीठातले विद्यार्थी स्वतः चालवतात त्या 'खडू' नावाच्या वृत्तपत्राला रविवारी चाळीस वर्षं होत होती, आणि मधुसूदन वैरागडे हे त्याचे पहिले संपादक. पुढं ते कनिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक झाले, प्राचार्य म्हणून निवृत्त झाले. पण त्यांना कोणी "'खडू'वाले वैरागडे" म्हटलं की अजून छाती दोन इंच फुगायची. रविवारी त्यांचा सत्कार होता. भाषणाचं नाव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'सत्याची चाळीस वर्षं'.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात एक मुलगी उभी होती. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर बॅग आणि छातीशी कवटाळलेला एक जाडजूड ग्रंथ.

"नमस्कार सर, मी रितिका. 'खडू'ची आत्ताची संपादक. विशेषांकासाठी पेपरचा इतिहास लिहून राहिली ना मी, तर म्हटलं सुरुवातीचं तुमच्याच तोंडून ऐकावं."

मग काय विचारता! सरांची कळी खुलली. रितिकानं मोबाइल समोर ठेवला आणि सर चाळीस वर्षं मागं गेले.

"चौऱ्याऐंशी साल. आम्ही चौघं मित्र. सीताबर्डीवर एका टायपिंगच्या क्लासात सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. मालक रविवारी आम्हाला किल्ली द्यायचा. मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीनं अक्षरं कोरायची, शाई लावायची आणि हँडल फिरवायचं. तीन दिवस हात काळे राहायचे! नाव 'खडू', कारण फळा किती वेळा पुसला तरी खडू पुन्हा लिहितोच. विद्यापीठाचा एक कागदही घ्यायचा नाही, हा पहिला नियम. कुलसचिवांनी बोलावून विचारलं, परवानगी कोणाची घेतली? मी म्हटलं, वाचकांची!"

"वा सर! मस्तच!" रितिका म्हणाली.

"वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत कबुतर मरून पडलेलं होतं. महिनाभर पोरं तेच पाणी प्यायची. आम्ही छापलं, दुसऱ्या दिवशी टाकी धुतली! तेव्हापासून लोक आमचा शब्द खरा मानायला लागले."

"अन् बातम्या कुठून यायच्या?"

"कँटीनजवळच्या कडुनिंबाला आम्ही एक लाकडी पेटी टांगली होती. ज्याला जे दिसेल त्यानं चिठ्ठी टाकायची, नाव लिहायची गरज नाही. पण आमचा कडक नियम होता बरं! एका गोष्टीबद्दल वेगवेगळ्या हातांच्या तीन चिठ्ठ्या आल्या तरच छापायचं. एकाची चिठ्ठी म्हणजे राग, दोघांची म्हणजे गप्पा, तिघांची म्हणजे बातमी!"

"तो नियम अजून बी हाय सर. पेटी बी तीच." रितिकानं तो जाड ग्रंथ टेबलावर उघडला. 'खडू'चे पहिल्या काही वर्षांचे सगळे अंक त्यात एकत्र बांधलेले होते. पानं उलटता उलटता ती एका ठिकाणी थांबली. "फक्त एक गोष्ट समजून नाही राहिली. हे पान कोरं काहून हाय?"

दोन छापील अंकांच्या मध्ये एक पांढरं, कोरं पान शिवलेलं होतं. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'मार्च १९८७, अंक नाही.'

मधुसूदनरावांचा चहा थंड झाला होता. तरी त्यांनी तो उचलून प्यायला. "हरवला असेल. इतक्या वर्षांची गोष्ट."

"मले बी तसंच वाटलं. मंग मी बाइंडरकडे गेली. लकडगंजात हाये ते, म्हातारे बाबा. त्यायनं सांगितलं, मधला अंक नसला तर बाइंडर तिथं कोरं पान शिवून ठेवते, म्हणजे पुढं कवा अंक भेटला तर जागेवर चिकटवता येते. म्हणाले, तो अंक तुमच्या पहिल्या संपादकाले विचार, त्यायच्यापाशी असन."

"नाव काय त्यांचं?"

"बळीराम."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या देवकीताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पण हा चेहरा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"नाही... माझ्याकडे नाही," मधुसूदनराव म्हणाले. "तू तेवढा भाग सोडून दे. इतिहासात काही पानं राहतातच."

रितिका गेली. दार लागलं. देवकीताई समोर येऊन बसल्या आणि काही न विचारता नुसत्या पाहत राहिल्या. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरासमोर त्या अशाच बसायच्या, आणि पोर पाच मिनिटांत बोलायचं. मधुसूदनरावांना तीनच मिनिटं लागली. ते उठले, लोखंडी कपाटाच्या तळच्या खणातून एक पिवळा लिफाफा काढला आणि त्यातला चार घड्यांचा कागद बायकोपुढं ठेवला.

पहिल्या पानावर ठसठशीत मथळा होता: 'ग्रंथालयाला घरातूनच वाळवी!' खाली मजकूर होता. ग्रंथालयातला रोजंदारी शिपाई बळीराम संध्याकाळी पोत्यात पुस्तकं भरून सायकलवरून नेतो आणि रद्दीत विकतो. त्याचं नाव होतं आणि तो कोणत्या वस्तीत राहतो, तेही होतं.

"अवं माय!" देवकीताईंनी कपाळाला हात लावला. "नेत होता काय तो खरंच?"

"नेत होता."

"मंग?"

"बाइंडिंगला नेत होता, देवकी!" मधुसूदनरावांचा आवाज फाटला. "ग्रंथपालांनी त्याला तोंडी सांगितलं होतं. पाठ आणि पुठ्ठा सुटलेली एकशेचाळीस पुस्तकं, रोज थोडी थोडी लकडगंजात पोचव. तिघांनी त्याला पोतं नेताना पाहिलं, तीन चिठ्ठ्या पडल्या, आम्ही छापलं. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. ग्रंथपालांजवळ लेखी काही नव्हतं, ते घाबरून गप्प बसले. जुलैत मी एक पुस्तक घरी नेलं. नवा पुठ्ठा, लाल कापडाची पाठ. विचारलं तर ग्रंथपाल हळूच म्हणाले, उन्हाळ्यात बांधून आणली, बळीरामच तर नेत होता."

"म्हंजे जुलैतच समजलं होतं तुमाले."

"समजलं होतं. पण तेव्हाच 'खडू' बंद करायची विद्यापीठात चर्चा चालली होती. आम्ही चूक कबूल केली असती तर पेपर गेला असता. म्हटलं, पुढच्या अंकात बघू. मग त्याच्या पुढच्या. शेवटी विद्यापीठ सोडताना अंकांचा गठ्ठा बांधायला पाठवला, तेव्हा हा एवढा काढून घेतला. बळीराम त्याच बाइंडरकडे कामाला लागलाय, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं."

 खालून भाजीवाल्याची हाक येत होती.

"तुमच्या त्या तीन चिठ्ठ्या खोट्या होत्या काय?" देवकीताईंनी विचारलं.

"नाही ना! तेच तर! तिन्ही खऱ्या होत्या."

"तिघायनं बी एकच पाह्यलं. सायकल अन् पोतं. त्याच्या पुढं काय हाय ते कोणीच नाई पाह्यलं. अन् ज्याची सायकल होती त्याले एका शब्दानं विचारलं काय तुमी? चौथी चिठ्ठी त्याची पाह्यजे होती जी!"

मधुसूदनराव कागदाची पुन्हा घडी घालायला लागले.

"आता सदतीस वर्षांनी उकरून काय मिळणार?" ते पुटपुटले. "पोरांनी एवढ्या कष्टानं पेपर चालवलाय. नेमकं रविवारी त्याचं नाव धुळीला मिळवू?"

"ज्या पेपराले आपली चूक कबूल कराले जमत नाई, त्याचं खरं बी खरं कोण मानन?" देवकीताईंचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं मी पोट्ट्यायले एकच सांगितलं. चुकलं तर खोडरबर नका घासू. एक रेघ मारा अन् बाजूले बरोबर लिवा. काय चुकलं होतं ते मले दिसलं पाह्यजे! अन् माह्याच घरात हा एवढा खोडरबर घासलेला कागद! त्या माणसानं तुमच्यासाठी पान मोकळं ठेवलं ना सदतीस वर्षं? मंग तुमी एवढे काहून भिऊन राहिले?"

हे मात्र मधुसूदनरावांच्या वर्मी लागलं. लाज वाटली त्यांना, मंडळी, चांगलीच लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्या लाजेच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं एकट्यानं उचललेलं ओझं निदान कोणी पाहिलं तरी होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवर लकडगंजात गेले. लाकडाच्या वखारी, भुशाचा वास, हातगाड्यांची गर्दी, आणि त्यातून आत गेलेल्या गल्लीत एक लहानसं दुकान. पुठ्ठे, लाल कापडाचे तागे, चिकटवायच्या खळीचं भगुणं. पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचं चाक फिरवत एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. शेजारी त्यांची मुलगी भावना डबा उघडत होती. ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती आणि दुपारी बापाला जेवू घालूनच ड्यूटीवर जायची.

"बळीरामजी," मधुसूदनराव दारातच थांबले. "मी..."

"ओळखलं. या वैरागडे. ताई, या, बसा." बळीरामजींनी चाक सोडलं आणि हात पुसले. जणू काही बांधायला टाकलेलं पुस्तक न्यायलाच ही मंडळी आली होती.

मधुसूदनरावांनी लिफाफ्यातला कागद पुढं केला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, सगळं विसरलं. "चुकलो," एवढंच तोंडातून आलं. "तेव्हाही चुकलो. आणि नंतर कळूनही गप्प बसलो, ती त्याहून मोठी चूक."

बळीरामजींनी कागद हातात घेतला. आधी मजकूर वाचलाच नाही त्यांनी. घडीवरून बोट फिरवलं. "घडी करून ठेवाले नाई पाह्यजे होता. आता घडीवर फाटन हा. मागून पातळ कागद लावा लागन."

"बाबा!" भावना कडाडली. डबा तसाच ठेवून ती उठली. "कागदाचं काय घेऊन बसले तुमी? सर, मी दुसरीत होती तवा. पोरी मले पुस्तकचोराची म्हणत. माह्या आजोबायनं छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्या घरी खायाले एखाद वेळी नसे, पण पुस्तक जमिनीवर ठेवलं तर मार पडे! विहारातल्या वाचनालयाची किल्ली आजोबापाशी राहे. तुमचा पेपर कोणीतरी आणून विहाराच्या फळ्यावर लावला. त्या दिवशी आजोबायनं किल्ली वापस केली. म्हणे, माह्यावाल्या पोरावर पुस्तकाची चोरी आली, मी कोणत्या तोंडानं किल्ली ठेवू? मरेपर्यंत पुन्हा वाचनालयात गेले नाई ते."

मधुसूदनरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. देवकीताईंनीही पदर डोळ्याला लावला. मधुसूदनरावांना वाटलं, ज्यानं पुस्तकं रद्दीत विकली म्हणून छापलं त्याच्या घरात पुस्तक कसं जपलं जात होतं, हे तेव्हा विचारायला गेलो असतो तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं! सायकलवर अर्ध्या तासाचा तर रस्ता होता.

"बस्स वं बाई," बळीरामजी मुलीला हळूच म्हणाले. मग मधुसूदनरावांकडे वळले. "राग होता. नाई कसा? पण मले त्याच बाइंडरनं कामावर ठेवलं. तो म्हणे, पुस्तकं कोण आणून देत होता हे मले तर माहीत हाय. त्याच्याच हाताखाली शिकलो अन् हे दुकान उभं केलं. मंग तुमच्या पेपरचा गठ्ठा बांधाले आला. मोजून पाह्यलं तर मार्चचा अंक नाई. तवा मले समजलं. ज्यानं काढला त्याले खरं काय ते माहीत हाय, म्हणून काढला. खोटं वाटलं नसतं तर काढला कायले असता? त्या दिवशी मले चांगली झोप आली, पाहा. म्हटलं, एक तरी माणूस हाय ज्याले माहीत हाय. म्हणून कोरं पान शिवलं."

"मी काय करू, सांगा. जे म्हणाल ते करतो."

"जिथं छापलं तिथंच छापा. पयल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. अन् हा अंक बी लपवू नका. माह्यापाशी द्या, त्याच्या जागेवर लावतो. चूक बी दिसली पाह्यजे अन् दुरुस्ती बी."

देवकीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खोडरबराचं त्या जे बोलल्या होत्या, तेच हा माणूस आपल्या भाषेत सांगत होता.

तिथूनच मधुसूदनरावांनी रितिकाला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.  

"सर, पोट्टे भडकतील थोडे," ती म्हणाली. "पण छापू. पान एकवरच छापू. इतिहास लिहाचा म्हटलं तर हे पान कसं सोडाचं?"

पोरं भडकलीच. जितेंद्र नावाचा उपसंपादक म्हणाला, "छापू, पण पान चारवर. वाढदिवसाच्या दिवशी कोण आपल्याच तोंडाले काळं फासते?" तेव्हा रितिकानं त्याला विचारलं, "ते चोर होते तवा पान एकवर होते. आता चोर नाई, तर पान चारवर काहून?" मग जितेंद्रनंच मथळा बसवला.

रविवार उजाडला. सभागृह भरलं होतं. जुने विद्यार्थी, नवे विद्यार्थी, हार, फोटो. प्रत्येकाच्या हातात विशेषांक होता आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरं होती: 'बळीराम चोर नव्हते. चूक "खडू"ची होती.' लोक वाचत होते, एकमेकांकडे पाहत होते. कुजबुज वाढत चालली होती.

मधुसूदनराव उठले. 'सत्याची चाळीस वर्षं' हे भाषण त्यांनी घरीच ठेवलं होतं. हार बाजूला ठेवून ते म्हणाले, "आज माझा सत्कार नको. मी आधी एक दुरुस्ती वाचतो." आणि त्यांनी ती वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मध्ये एकदा थांबले. पाण्याचा घोट घेऊन पुन्हा वाचायला लागले.

वाचून झालं आणि सभागृह गप्प! मधुसूदनरावांना वाटलं, संपलं सगळं. चाळीस वर्षांचं नाव गेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग काय, सगळं सभागृह उभं राहिलं! आणि लोक व्यासपीठाकडे नव्हे, तिसऱ्या रांगेकडे तोंड करून टाळ्या वाजवत होते. तिथं पांढऱ्या सदऱ्यात बळीरामजी बसले होते, शेजारी भावना. तिनं बापाचा हात घट्ट धरला होता आणि ती हसतही होती, रडतही होती.

रितिकानं माइक घेतला. "आजपासून 'खडू'चा नियम बदलला. तीन चिठ्ठ्या आल्या तरी बातमी नाही. चौथी चिठ्ठी ज्याच्याबद्दल लिहाचं हाय त्याची. त्याले विचारल्याशिवाय आमी एक ओळ छापणार नाई!" कडुनिंबावरची ती जुनी लाकडी पेटी आज टेबलावर आणून ठेवली होती. ती उचलून रितिका थेट तिसऱ्या रांगेत गेली. "बाबा, पयली चौथी चिठ्ठी तुमची."

बळीरामजी जरा ओशाळले. मग भावनाकडून पेन घेतलं, कागदावर सावकाश लिहिलं आणि पेटीत टाकलं. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा रितिकानं पेटी उघडून चिठ्ठी वाचली.

'मी पुस्तकं बांधाले नेत होतो. एकशेचाळीस होती. एक बी हरवलं नाई. बळीराम.'

बस्स, एवढंच! सदतीस वर्षांत कोणी विचारलं असतं तर एवढंच उत्तर होतं.

कार्यक्रम संपल्यावर बळीरामजींनी चार अंक मागून घेतले. "एक विहाराच्या फळ्यावर लावतो. तो लागला होता त्याच जागी."

"मी येऊ सोबत?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"चाला ना गा!" म्हातारा पहिल्यांदा मोकळं हसला. आधीचं 'वैरागडे' जाऊन तिथं जवळच्या माणसाला म्हणतात तो 'गा' आला, हे मधुसूदनरावांच्या लक्षात आलं आणि त्यांना सत्काराच्या हाराहून ते मोठं वाटलं. दोघांनी मिळून विहाराच्या फळ्यावर अंक लावला. भावनानं चार कोपऱ्यांना चार टाचण्या टोचल्या. वाचनालय सांभाळणाऱ्या पोरांनी अंक वाचला आणि बळीरामजींना आत नेऊन खुर्चीवर बसवलं. "बाबा, आमची बी निम्मी पुस्तकं सुटून राहिली. बांधून द्याल काय?" बळीरामजी लगेच एकेक पुस्तक उचलून पाठ तपासायला लागले.

मधुसूदनराव घरी आले ते चेहऱ्यावरची एकेक आठी सुटल्यासारखे. अंगातून काहीतरी उतरलं होतं. दुपारचं जेवण झालं आणि त्यांनी मोबाइल उघडला.

"आता काय करून राहिले?" देवकीताईंनी विचारलं.

"खोडरबर नाही, रेघ मारतोय."

ग्रुपवर त्यांनी मनकर्णाचा तोच फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'करंडा घरातच सापडला आहे. मनकर्णाबाईंनी काही घेतलेलं नाही. आपण बावीस जणांनी, त्यांत मीही होतो, त्यांना न विचारता चोर ठरवलं. मी त्यांची माफी मागतो. आपणही मागावी.' पाच मिनिटं काही नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा निरोप आला, 'माझंच चुकलं. मी आज तिच्या घरी जाते.' आणि मग एकेक अंगठा पडत गेला. देवकीताई मोजत बसल्या. विसावर थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "एक राह्यला. तो बी येईन." मधुसूदनरावांनी ऐकलंच नाही, ते खुर्चीतच गाढ झोपले होते.

तर मंडळी, चूक कोणाची होत नाही? तुमची होते, माझी होते, वर्तमानपत्रांचीही होते. पण आपण आरोप करतो चौकात उभं राहून, आणि माफी मागतो ती, मागितलीच तर, दाराआड. ज्या आवाजात एखाद्याचं नाव घालवलं, त्याच आवाजात ते परत द्यायला हवं. त्याहून बरं म्हणजे घालवायच्या आधीच थांबायला हवं. आता यापुढं तुमच्या मोबाइलवर कोणाचा फोटो आला, खाली 'सावध राहा' लिहिलेलं असलं आणि तुमचा अंगठा आपोआप वर जायला लागला, तर क्षणभर थांबा. तीन काय, तीनशे चिठ्ठ्या आल्या असतील. चौथी आली का, एवढं विचारा!

सोमवारी सकाळी मनकर्णा कामाला आली. भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, आज लवकर जातो. आता पाच घरं हाये मले."